तिसऱ्या कोनाड्याखालचं भोक

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते शाळेत गणित शिकवणाऱ्या आमच्या सरांचे. वडील बाजार समितीत हमाल होते, आई दुसऱ्यांच्या शेतावर जायची, आणि आमच्या घरात पुस्तक उघडून बसावं असा कोपरा नव्हता. सर नदीपलीकडच्या वस्तीत राहायचे. शाळा सुटली की पुलावरून चालत घरी जायचे.

आमचा पूल इंग्रजांच्या वेळचा, काळ्या दगडाचा, कमानींचा. प्रत्येक खांबाच्या वर कठडा थोडा बाहेर गेलेला आणि तिथं माणूस उभा राहील अशी तिकोनी जागा. आम्ही त्यांना कोनाडे म्हणायचो. ते कशासाठी ठेवलेत हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. गावाकडून तिसऱ्या कोनाड्यात सर मला बसवायचे आणि कठड्याच्या दगडावर खडूनं गणितं घालायचे. एसटी आली की आम्ही दोघं पाय आत ओढून घ्यायचो.

दहावीच्या निकालानंतर सर आमच्या घरी आले आणि वडिलांना म्हणाले, "याला इंजिनियर करायचा."

वडील म्हणाले, "मास्तर, म्हणजे गॅरेजात का?"

"तसंच काहीतरी," सर म्हणाले, "पण जरा लांब."

ते लांब म्हणजे किती लांब हे तेव्हा सरांनाही ठाऊक नसावं. २०१७ साली मी जर्मनीत, गेर्लिंगेनच्या एका कंपनीत यंत्रांचे आराखडे करत होतो आणि तिथून थोड्या अंतरावरच्या नदीकाठच्या गावात भाड्यानं राहत होतो. घरमालकीण ऐंशीला टेकलेली, एकटी राहणारी. तोंडावर मी त्यांना आडनावानं हाक मारायचो, मनातल्या मनात आजी म्हणायचो.

त्या मे महिन्यात सरांचा फोन आला. सरांना कमी ऐकू यायला लागलं होतं, त्यामुळे ते एकटेच बोलायचे.

"अरे, नगरपालिकेच्या बांधकाम खात्याची माणसं येऊन गेली. भिंत फुगलीय म्हणतात, तिसऱ्या कोनाड्याच्या अंगाला. तांबड्या रंगाची फुली मारली. मागच्या पावसाळ्यात तो दुसरीकडचा पूल वाहून गेला ना, तेव्हापासून सगळे घाबरलेत. पाडायचं ठरतंय. नवा होईल तेव्हा होईल. पलीकडच्या पोरांनी तोवर शाळेत यायचं कसं? पोहत?"

"सर, मग..."

"मग काय, श्रमदान! जुन्या विद्यार्थ्यांना हाक घातलीय. आपण मागं केलं होतं तसं. पावसाआधी सगळा पूल सिमेंटनं पक्का करून टाकायचा. पोती आलीत. तू तिकडं एवढं विचार, सिमेंटात काय मिसळतात ते. आणि कागदावर लिहून पाठव. फोनवरचं मला ऐकू येत नाही आणि नगरपालिकेला पटत नाही."

मागचं श्रमदान मला चांगलं आठवत होतं. मी तेव्हा नववीत होतो. पुलाच्या भिंतींमध्ये ओळीनं छोटी चौकोनी भोकं होती. त्यांतून पिंपळ उगवायचे, पारवे घरटी करायचे, पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या धारा लागायच्या. पूल गळतोय म्हणून सगळ्यांनाच हळहळ वाटायची. सरांनी सगळी शाळा कामाला लावली. आम्ही पिंपळ उपटले, सांधे भरले, एकूण एक भोक सिमेंटनं बुजवून टाकलं. पुढच्या पावसात एकही धार आली नाही. सर किती खूश होते! जिल्ह्याच्या पेपरात फोटो आला. तो त्यांनी चौकट करून घरात लावला होता, स्वतःच्या लग्नाच्या फोटोशेजारी.

आमच्या जर्मन गावातही नदीवर जुना दगडी पूल होता. त्या गावाचं इंग्लंडमधल्या एका खेड्याशी जुळं गाव म्हणून नातं होतं. एकदा हे तिकडं जायचे, एकदा ते इकडं यायचे. मेच्या अखेरीला ती इंग्रज मंडळी आली. आजी म्हणाल्या, "आल्झो, हे बघा, तुम्ही शनिवारी यायचंच. इंग्रजी बोलणारं माणूस लागतं. आणि केक आहे."

मी दुभाष्या म्हणून गेलो. चर्चशेजारच्या सभागृहात लांब टेबलं, कॉफी, रुबार्ब नावाच्या आंबट देठांचे केक आणि दोन्ही गावांची म्हातारी माणसं. दरवर्षी ते एक विषय घेत. त्या वर्षीचा विषय होता पूल.

आजी पहिल्यांदा बोलल्या. युद्ध संपायच्या आठवड्यात जर्मन सैनिकांनीच जाता जाता त्यांच्या पुलाची मधली कमान उडवली, तेव्हा त्या लहान होत्या आणि तळघरात आईच्या मांडीवर होत्या. नंतर गावातल्या बायकांनी नदीत उतरून दगड बाहेर काढले आणि त्याच दगडांची कमान पुन्हा उभी केली. मी एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होतो.

समोर एक उंच इंग्रज म्हातारे होते, काठीवर दोन्ही हात ठेवून बसलेले. ते म्हणाले, "आम्ही तर आमच्या पुलाखाली स्वतःच सुरुंगाची जागा करून ठेवली होती. तुम्ही याल म्हणून."

"हो, पण आम्ही आलोच नाही," आजी म्हणाल्या.

"उशीर केलात. आलात ते थेट केक घेऊन."

सगळे हसले. मग त्यांनी आपल्या पुलाचा फोटो फिरवला. तो माझ्या हातात आला आणि मी बघतच राहिलो. कमानी. खांबांवर बाहेर गेलेला कठडा. तिकोनी कोनाडे.

मी विचारलं, "हे कशासाठी?"

"लोकरीच्या गाड्या यायच्या ना, पूल अरुंद. गाडी आली की माणसानं त्यात शिरायचं. माझी आई तिथं उभी राहून माझ्या वडिलांची वाट बघायची. आजोबांना वाटायचं, गाडी जायची वाट बघतेय."

मी फोनमधला आमच्या पुलाचा फोटो काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा पुसला. "हा आमच्याच नदीवरचा, पुढच्या गावातला ना?"

"नाही. हा महाराष्ट्रातला. माझ्या गावचा."

त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग कोनाड्यावर बोट ठेवून म्हणाले, "कुणीतरी घरची आठवण काढत बसलं असणार."

दगड आमच्या डोंगराचे, ते फोडणारे आणि घडवणारे हात आमच्या माणसांचे, राज्य मात्र त्यांचं. हे सगळं मला माहीत होतं. पण नोकरीसाठी घरापासून इतक्या लांब आलेला कुणीतरी एक माणूस आपल्या गावाचा पूल आमच्या नदीवर काढून गेला असेल, हे कधी मनात आलं नव्हतं. त्याच्या गावची माणसं गाडी चुकवायला जिथं उभी राहायची, तसल्या जागेत बसून मी बीजगणित शिकलो होतो.

कॉफी झाल्यावर सगळे पुलाकडे निघाले. दोन्ही गावांची अशी रीत होती की पाहुणे आले की यजमानांनी त्यांना नुसता पूल दाखवायचा नाही, त्यांच्या हातून पुलाची साफसफाई करून घ्यायची. आदल्या दोन दिवसांत जोराचा पाऊस झाला होता. पुलाच्या भिंतीत ओळीनं छोटी चौकोनी भोकं होती. काहींतून पाणी ठिबकत होतं, काही कोरडी होती. आजींनी एक लांब लोखंडी गज माझ्या हातात दिला.

"तुम्ही इंजिनियर ना? ते कोरडं आहे, ते उघडा."

"पण कोरडं आहे तर चांगलंच की."

"नाइन, नाइन, नाही! कोरडं म्हणजे तुंबलेलं. वरून आत गेलेलं पाणी कुठं जाणार? आत बसतं, चुना धुतं, भिंत बाहेर ढकलतं. आमच्या वडिलांनी पुलाच्या प्रेमानं ही सगळी भोकं सिमेंटनं बंद केली होती. भिंतीला गरोदर बाईसारखं पोट आलं."

"आमच्याही," इंग्रज म्हातारे म्हणाले. "अगदी तसंच. वर समारंभ केला, भाषणं झाली."

"गेनाऊ! बरोबर!" आजी म्हणाल्या.

मी गज आत घातला, ढोसला, फिरवला. पानं आली, माती आली, आणि मग एकदम तपकिरी पाण्याची धार सुटली ती थेट माझ्या बुटांवर. दोन्ही गावांनी टाळ्या वाजवल्या. मी तसाच उभा. ते पाणी थांबतच नव्हतं. एवढं पाणी त्या भिंतीनं किती दिवस पोटात धरलं होतं कुणास ठाऊक. आणि डोळ्यांसमोर आमचा पूल, त्यावरची तांबडी फुली आणि सरांच्या भिंतीवरची ती चौकट.

रविवारी दिवसभर मी पत्र लिहीत बसलो. यंत्राची चूक काढणं माझं रोजचं काम. सरांच्या कामाबद्दल असं काही लिहायला हात उचलत नव्हता. पण पाऊस एक-दोन दिवसांत केरळात पोचणार अशा बातम्या होत्या आणि पोती आलेली होती. टपाल वेळेत जाणार नाही म्हणून कागदाचा फोटो सरांच्या सूनबाईंना पाठवला आणि मोठ्यानं वाचून दाखवा म्हटलं. मूळ कागद मागून पोस्टानं गेला. तो असा:

सर, नमस्कार.

तुम्ही विचारलंत, सिमेंटात काय मिसळायचं. सर, सिमेंट लावूच नका. पोती परत करा.

इथल्या गावानं आणि इंग्लंडच्या एका गावानं आपल्यासारखंच केलं होतं, आपल्यासारखंच प्रेमानं. ती भोकं गळकी नव्हती. पूल बांधणाऱ्यानं पाणी बाहेर पडायला ती मुद्दाम ठेवली होती. ती बंद झाल्यावर पाणी आत साठतं आणि भिंत फुगते. इथं काल मी एक भोक उघडलं, त्याचे फोटो सोबत आहेत. त्यांच्या भिंतींनाही पोट आलं होतं. भोकं उघडून, फुगलेला भाग उतरवून चुन्यात पुन्हा बांधला, आणि आज दोन्ही पुलांवरून माणसं चालतात. गाड्यांसाठी त्यांनी शेजारी वेगळा पूल केला.

आपला पूल वाचेलच असं मी म्हणत नाही. मी यंत्रांचा माणूस, दगडी पुलांचा नाही. जुन्या दगडी कामाचा जाणकार आणून दाखवल्याशिवाय पाडू नका, एवढंच नगरपालिकेला सांगा. या घरमालकीणबाईंनी त्यांच्या पुलाची हकीकत आराखड्यांसकट द्यायचं कबूल केलंय. मी ती मराठीत करून पाठवतो. तोवर मुलांना फुलीच्या बाजूनं जाऊ देऊ नका.

कोनाडे कशासाठी, तेही कळलं. गाडी आली की माणसानं आत उभं राहायचं. आपण दोघं बरोबर तेच करत होतो.

तो पेपरातला फोटो काढू नका, सर. त्या दिवशी सगळी शाळा एका पुलासाठी उन्हात उभी होती, ते खरंच आहे. श्रमदानही रद्द करू नका. फक्त या वेळी पोरांच्या हातात थापी देऊ नका. जाणकारानं हो म्हटलं की गज द्या. तिसऱ्या कोनाड्याखालचं भोक आधी उघडायला सांगा. ते मी बुजवलं होतं, आणि खाली शिडी तुम्ही धरली होती. या वेळी शिडी दुसऱ्या कुणाला तरी धरायला द्या. वर बघत खाली उभे राहू नका, पाणी जोरात येतं.