पाठकोऱ्या ताई

वकिलांना मोकळी जागा फार आवडते. बोलण्यात नव्हे, कागदावर. न्यायालयात काही दाखल करायचं तर कागद जाड हवा, डावीकडे चार बोटं समास हवा, दोन ओळींमध्ये तिसरी सुखाने झोपेल एवढं अंतर हवं आणि मागची बाजू कोरी करकरीत हवी. हे असं का, म्हणून विचारलं तर भल्याभल्यांना सांगता येत नाही. पूर्वीपासून आहे म्हणून आहे. अशा एकेका प्रकरणाच्या चार चार प्रती निघतात, आणि त्याआधी मसुद्यांवर मसुदे होतात ते वेगळेच.

न्यायालयासमोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर मोठ्या साहेबांचं ऑफिस होतं. तिथे ताई एकतीस वर्षं टायपिंग करत होत्या, आधी खडखडणाऱ्या यंत्रावर आणि मग कॉम्प्युटरवर. साहेबांचा स्वभाव असा, की पडद्यावर त्यांना सगळं उत्तम दिसे. चूक सापडायची ती छापलेला कागद हातात आल्यावरच. मग लाल पेन सरसावून बसत, एक स्वल्पविराम इकडचा तिकडे करत आणि सगळी पानं पुन्हा छापायला लावत. रद्द झालेली पानं ताई गोळा करत आणि टेबलाच्या उजव्या हाताला, हिरवी पट्टी चिकटवलेल्या एका ट्रेमध्ये पालथी घालून ठेवत. पुढचा मसुदा त्यांच्या पाठीवर. वकिलांच्या खोलीत चहा पिता पिता मंडळी त्यांना ‘पाठकोऱ्या ताई’ म्हणत. ताईंच्या कानावर ते आलं होतं. त्या हसून सोडून देत.

धाकटी या ऑफिसात आली तेव्हा तिला वकिलीची सनद मिळून जेमतेम दोन महिने झाले होते. धाकटी म्हणजे ऑफिसातली सगळ्यांत नवी वकील. हे नाव साहेबांनी पाडलं आणि तिला चिकटलं. कॉलेजात असताना तिने वकिली आणि पर्यावरण या विषयावर असं भाषण ठोकलं होतं की परीक्षक उठून उभे राहिले. पहिल्याच आठवड्यात तिने दिव्यांच्या बटणांजवळ चिठ्ठ्या लावल्या, प्लॅस्टिकचे पेले हद्दपार केले आणि साहेबांना अर्धा तास पडद्यावर रंगीत तक्ते दाखवले. साहेब त्यातला निम्मा वेळ डुलक्या घेत होते, ही गोष्ट सोडा.

ताईंचा ट्रे मात्र तिला चिक्कूपणा वाटला. एकदा तिने बोलूनही दाखवलं.

“ताई, हे असं चिंधी चिंधी जमवून काय होणार? कागदच बंद व्हायला हवा.”

“व्हायलाच हवा,” ताई म्हणाल्या. “पण तोपर्यंत?”

उत्तर न सुचलेला वकील जे करतो तेच धाकटीने केलं. तिने विषय बदलला.

पावसाळ्यानंतर साहेबांनी मागची खोली रिकामी करायला काढली. जुन्या, निकाली निघून वर्षं लोटलेल्या प्रकरणांचे गठ्ठे तिथे छतापर्यंत रचलेले होते. दोघी तोंडाला फडकी बांधून आत शिरल्या. धाकटीने एक गठ्ठा खाली घेतला आणि धूळ झटकली. ताईंनी त्याची दोरी सोडली, पानांची कड अंगठ्याने धरली आणि पत्ते पिसावेत तशी सगळी पानं मागच्या बाजूने भर्रकन सोडली. पांढरं, पांढरं, पांढरं. मग दुसरा गठ्ठा. मग तिसरा.

“या खोलीत जेवढं लिहिलंय ना, वकीलबाई,” ताई म्हणाल्या, “तेवढंच न लिहिलेलं आहे. मी इथे लागले त्या वर्षी हे पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.”

धाकटीने मान वर करून त्या गठ्ठ्यांच्या भिंतीकडे पाहिलं. भाषणात तिने किती तरी आकडे सांगितले होते, टाळ्याही घेतल्या होत्या. पण अर्धं जंगल नुसतं दोरीने बांधून ठेवलेलं ती आयुष्यात पहिल्यांदा पाहत होती.

तरीही ताईंची खरी ओळख तिला अजून व्हायची होती. ती झाली एका चुकीमुळे, आणि ती चूक धाकटीचीच होती.

एका निवृत्त शिक्षकांचं अपील दाखल करण्याचा शेवटचा दिवस होता. साहेबांचं लाल पेन दुपारी साडेतीनपर्यंत चाललं. ताई दुसऱ्या न्यायालयात कागद द्यायला गेल्या होत्या. चौथी प्रत छापता छापता अगदी शेवटच्या पानाशी प्रिंटरमधला कागद संपला. धाकटीने हाताला लागला तो गठ्ठा उचलून आत कोंबला, पान निघालं, प्रती टाचल्या, शिक्के मारले आणि ती धावत सुटली. खिडकी बंद व्हायला चार मिनिटं असताना अपील दाखल झालं. चौथी प्रत तिने समोरच्या पक्षाच्या वकिलांच्या ऑफिसात पोचवली आणि घरी जाऊन नऊ तास गाढ झोपली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्याच वकिलांचा फोन आला. साहेबांनी तो घेतला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

“सतरा नंबरच्या पानाच्या पाठीमागे आपल्या ऑफिसचं काहीतरी छापलेलं आहे म्हणतात. येऊन बघा म्हणतात.”

त्या आठवड्यात ऑफिसात एका नवरा-बायकोच्या विभक्त होण्याचे मसुदे चालू होते. त्यांच्या लहान मुलीला एक आजार होता, तो तिच्या शाळेलाही सांगितलेला नव्हता. आईने इथल्याच खुर्चीवर बसून रडत रडत ते सगळं सांगितलं होतं, आणि साहेबांनी तिला शब्द दिला होता की हे या भिंतींबाहेर जाणार नाही. त्या मसुद्याची रद्द झालेली पानं किती तरी होती. धाकटीनेच ती टाइप केली होती. आता त्यातलं एक पान परक्या माणसाच्या टेबलावर पडलेलं असेल.

“साहेब, छपाई मी केली,” ती म्हणाली. “मीच चुकून त्या ट्रेमधला गठ्ठा घातला.”

“घातलास तू. पण ट्रे कुणाचा?” साहेब ताईंकडे वळले. इतक्या वर्षांत त्यांनी ताईंवर आवाज चढवला नव्हता, तो आज चढवला. “ताई, तुमचं हे खूळ आजवर चालवून घेतलं. त्या मुलीचं पान असेल तर मी तोंड दाखवू शकणार नाही. तो ट्रे आजच्या आज बंद!”

ताईंनी पर्स उचलली. “आधी पान बघू या,” त्या म्हणाल्या.

तिघंही जिना उतरले. साहेब पुढे तरातरा चालले होते. धाकटी ताईंच्या शेजारून चालत होती, आणि तिच्याच्याने त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

“त्या मुलीचं पान नसेल,” ताई हळूच म्हणाल्या.

“तुम्हाला कसं माहीत?”

“मी बघितलंय ना.”

धाकटीला वाटलं, बिचाऱ्या स्वतःची समजूत घालताहेत. रोज शंभर दीडशे पानं रद्द होतात. कोण बघतं?

समोरचे वकील म्हणजे वयस्कर, मिश्कील माणूस. त्यांनी खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि मग सतरा नंबरचं पान काढून साहेबांपुढे उलटं ठेवलं. साहेबांनी चष्मा लावला.

पानावर फक्त एक ओळ होती. कुठल्याशा अर्जाचं शेवटचं पान, आधीच्या पानावर न मावलेली ओळ तेवढी घसरून खाली आलेली: ‘सबब, न्यायालयास योग्य व न्याय्य वाटेल तो अन्य हुकूम व्हावा.’

साहेबांनी ही ओळ आयुष्यात हजारो वेळा सांगून टाइप करून घेतली होती. जगातल्या प्रत्येक अर्जाच्या शेवटी ती असते. ती कुणाचीच नव्हती. पानाच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक बारीक बरोबरची खूण होती.

“ही खूण कसली?” समोरच्या वकिलांनी विचारलं.

“वाचल्याची,” ताई म्हणाल्या. “नाव, गाव, तारीख, आजार, नातं, यातलं काही एक असलं तर ते पान ट्रेमध्ये जात नाही. काहीच नसलं तर खूण करते आणि ठेवते.”

“प्रत्येक पान?”

“न वाचता कसं ठेवणार? लोकांचं असतं ते.”

समोरच्या वकिलांच्या चेहऱ्यावरचा मिश्कीलपणा गेला. त्यांनी ते पान दोन्ही हातांनी उचलून परत दिलं. परत येताना जिन्यावर साहेब थांबले, ताईंना पुढे जाऊ दिलं आणि मग स्वतः चढले. ट्रेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

धाकटीला तेवढ्याने चैन पडेना. जेवणाच्या सुट्टीत तिने ताईंची परवानगी घेतली आणि ट्रेमधली सगळी पानं एकेक करून उलटली. तीनशे बेचाळीस पानं. कुठे निवाड्यांची यादी, कुठे कलमांचे नुसते क्रमांक, कुठे ती एकच घसरलेली ओळ. नाव एकावरही नव्हतं, आणि प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात ती खूण होती. शेवटच्या पानाशी आली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. एकतीस वर्षं! रोजची शंभर पानं धरली तरी तिला गुणाकार करवेना. या बाईंनी या ऑफिसात आलेल्या सगळ्यांची सगळी दुःखं वाचली होती आणि एक अक्षर कधी कुणाला कळू दिलं नव्हतं.

“मग नावं असलेली पानं कुठे जातात?” तिने विचारलं.

“शनिवारी या माझ्याबरोबर.”

शनिवारी ताई एक शिवलेलं पोतं घेऊन गावाबाहेरच्या कागदाच्या कारखान्यात गेल्या. छोटासा कारखाना, पाण्याचे तीन हौद आणि ओल्या लगद्याचा वास. कामगाराने पोतं उसवलं आणि पानं हौदात ओतली. ताई काठावर उभ्या राहिल्या. पाती फिरू लागली, पानं आधी फुगली, मग फाटली, अक्षरं निळसर होऊन पाण्यात सुटली आणि हळूहळू सगळा करडा लगदा झाला. पाऊण तास लागला. पाऊण तास ताई पाय न हलवता उभ्या होत्या.

“दर महिन्याला अशाच थांबतात,” कामगार धाकटीला म्हणाला. “आम्ही आता खुर्ची देणंच सोडलं.”

धाकटीच्या मनात आलं, आपलं ते भाषण ऐकून परीक्षक उठून उभे राहिले होते. उभं राहणं कशाला म्हणतात ते इथे कळलं.

पुढचं सगळं समोरच्या वकिलांनी घडवून आणलं. त्यांनी आधी ताईंना स्वतःच्या ऑफिसात बोलावून ती पद्धत शिकून घेतली. मग आणखी तीन ऑफिसांनी बोलावलं. मग ते म्हणाले, “रोगाच्या मुळाशी जाऊ. मुख्य न्यायाधीशांकडे अर्ज करू, की दोन्ही बाजूंना छापलेले कागद दाखल करून घ्या. आणि अर्ज ताईंच्या नावाने करू.”

ताई नको नको म्हणत होत्या. साहेबांनी ऐकलं नाही. त्यांनी स्वतः मसुदा सांगितला आणि, लिहून ठेवण्यासारखी गोष्ट, लाल पेन एकदाही उघडलं नाही. अर्ज अर्थातच दोन्ही बाजूंना छापला. धाकटी तो घेऊन खिडकीवर गेली आणि दहा मिनिटांत परत आली. वर शेरा होता: ‘त्रुटी. कागद दोन्ही बाजूंना छापलेला आहे.’

ऑफिसात एवढं हसू फुटलं की खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. शेवटी दोन्ही बाजूंना छापू द्या असं सांगणारा अर्ज एकाच बाजूला छापून द्यावा लागला.

हुकूम यायला सात महिने लागले. पण आला. यापुढे या न्यायालयात दोन्ही बाजूंना छापलेले कागद चालतील. एवढंच होतं त्यात. एक पान, वरती जाड अक्षरांत अर्जदार म्हणून ताईंचं पूर्ण नाव. लाखो नावं टाइप केलेल्या बाईंचं नाव पहिल्यांदाच दुसऱ्या कुणीतरी टाइप केलेलं होतं.

ताईंनी पान हातात घेतलं. आधी पुढची बाजू वाचली, ओठ हलवत. मग सवयीने उलटून मागची पाहिली. कोरी होती. हुकूम लिहिणाऱ्यांनाही जुनी सवय सुटली नव्हती. पेन्सिल त्यांच्या हातात आली होती, ती त्यांनी परत ठेवली.

“नाव आहे यावर,” धाकटी हसत म्हणाली. “म्हणजे ट्रेमध्ये नाही जायचं. पोत्यात?”

ताईंनी नकारार्थी मान हलवली. त्यांनी ते पान पर्समधल्या कापडी पिशवीत घातलं, घडी पडू न देता.

“आणि मागची बाजू, ताई?”

“राहू दे कोरी,” ताई म्हणाल्या. “एवढी एक राहू दे.”

मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि साहेबांनी सकाळी रद्द केलेली पानं वाचायला घेतली.