लायलची चिवचिव

माझा थोरला भाऊ लायल कुचेरा याला आमच्या सीडर रॅपिड्स गावाच्या आसपासचे सगळे हौशी रेडिओवाले ओळखायचे, पण चेहऱ्याने नव्हे. त्याचा ट्रान्समीटर चिवचिवायचा. मोर्सची कळ दाबली की धड यंत्रातून एकसारखा, सरळ सूर निघतो. लायलच्या यंत्राचा सूर वर सुरू व्हायचा आणि घसरत खाली यायचा. दर टिंबाला, दर रेघेला तेच. तो बोलायला लागला की खळ्यात चिमण्या उतरल्यासारखं वाटायचं. आमच्यात रीत अशी की बोलणं सुरू झालं की आधी समोरच्याच्या सुराला नऊपैकी गुण द्यायचे. लायलला जन्मभर सहा मिळाले. एखाद्याला फारच दया आली तर सात.

"अरे, नीट कर ना ते," मी म्हणायचो.

"कशाला? मी आलोय हे लोकांना नाव न सांगता कळतं."

खरं कारण वेगळं होतं. पोरवयात त्याने ते यंत्र भंगारातल्या सामानातून जोडलं, आणि त्याला वीज पुरवायला एका मोडक्या टीव्हीचा ट्रान्सफॉर्मर बसवला. तो बिचारा त्या कामाला पुरा पडत नव्हता. कळ दाबली की त्याला दम लागायचा, आणि दम लागला की सूर घसरायचा. चिक्कू म्हणा की आळशी म्हणा, माझा भाऊ दोन्ही होता.

त्याची बायको ओपल, म्हणजे माझी वहिनी, नेब्रास्काची. आजूबाजूला मका आणि वर आभाळ, याखेरीज तिच्या गावात काही नाही. सोळाव्या वर्षी तिच्या बापाने तिला रेडिओचं लायसन्स काढून दिलं, आणि एका संध्याकाळी तिच्या कानात ही चिवचिव आली. तिने सहा गुण दिले. लायलने दुसऱ्या दिवशी तिलाच पुन्हा हाक मारली. पुढे तीन वर्षं हे चाललं. तोवर तिच्यासाठी लायल म्हणजे एवढा आवाजच. चेहरा नाही, उंची नाही, आणि पुढे टक्कल पडणार याची तर गंधवार्ताही नाही. लग्न होऊन ती इकडे आली आणि रेडिओच्या कारखान्यात डाख द्यायच्या कामाला लागली ती पेन्शनीपर्यंत. तिचा डाख बघत राहावा असा असायचा. लोक लायलला यंत्रांतला जाणकार समजायचे, आणि लायल काही बिघडलं की वहिनीला हाक मारायचा.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात तो ट्रान्सफॉर्मर जळाला. डांबराचा वास तळघरातून स्वयंपाकघरापर्यंत आला. "बर्फ वितळलं की बघू," लायल म्हणाला. बर्फ वितळलं तेव्हा तो दवाखान्यात होता. मक्याची कापणी उरकायच्या आत त्याची कळ मुकी झाली. आमच्यात माणूस गेला की असंच म्हणतात.

दुखवट्याला लोकांनी आणलेली नूडल्सची भांडी धुऊन ज्याची त्याला परत गेली, आणि मग एक दिवस वहिनी मला म्हणाली, "व्हर्न, मी त्याचं यंत्र सुरू करणार आहे."

"कशाला? तुझं आहे की त्याहून चांगलं."

"मला त्याला ऐकायचंय."

"फोनच्या टेपवर आहे ना त्याचा आवाज."

"तो आवाज ट्रॅक्टरच्या दुकानदाराशीही बोलायचा. त्याचं काय करू मी?"

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या तळघरात जायला लागलो. मलाही घरी कोण बसलं होतं वाट बघत.

हिवाळाभर ती त्या यंत्रात डोकं घालून बसली. सुकलेले कंडेन्सर काढले, नवे बसवले. काचेच्या व्हॉल्व्हचे पाय घासून लख्ख केले. लायलने दिलेले डाख बघून ती हसायची. "हे बघ, च्युइंगम चिकटवल्यासारखं." जत्रेच्या मैदानावर जुन्या सामानाचा बाजार भरतो, तिथे तिला ट्रान्सफॉर्मर मिळाला. खोक्यातून बाहेरही न काढलेला, आणि वासरासारखा जड. "हाच घे, दणकट आहे," मीच म्हणालो, आणि गाडीपर्यंत उचलून नेताना कंबर धरून बसलो. आम्हा लोकांना दुसरं काही सुचतच नाही. मोडकं दिसलं की हात शिवशिवतात, आणि एकदा हात लावला की होतं त्याहून चांगलं केल्याशिवाय चैन पडत नाही.

मार्चमध्ये ती हवेवर आली. यंत्र लायलचं, सही, म्हणजे हवेवर ओळख द्यायची अक्षरं, तिची स्वतःची. कॅन्ससच्या एकाने उत्तर दिलं आणि नऊ गुण दिले. मग मिनेसोटाचा एक म्हातारा आला. नऊ. वर म्हणाला, काय गोड सूर आहे बाई तुमचा, यंत्र कुठलं? मी टाळ्या वाजवल्या आणि कोलाचेंचा, म्हणजे फळं भरलेल्या गोड पावांचा, डबा उघडला. आलूबुखारवाले तिच्यासाठीच आणले होते.

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"त्या म्हाताऱ्याने सहा द्यायला हवे होते," ती म्हणाली.

माझ्या तोंडात घास होता. मला पटकन कळलंच नाही. ती वर गेली, स्वयंपाकघरातला तिचा रिसीव्हर लावला आणि तळघरातून वर जाणाऱ्या गरम हवेच्या नळीतून मला ओरडून सांगितलं, "दाब." एरियल काढून तिथे दिव्याचा बल्ब जोडलेला होता. त्यामुळे आवाज बाहेर कुठे जाणार नव्हता, वरच्या मजल्यापुरता पोचणार होता. मी कळ दाबली. नळीतून रिसीव्हरचा सूर ऐकू आला, सरळ, स्वच्छ.

"हा कोण आहे?" ती म्हणाली.

मी वर गेलो. लायलला दफन करताना जी बाई सरळ उभी होती, ती रिसीव्हरवर डोकं टेकून रडत होती. "मीच त्याला घालवला, व्हर्न. धुऊन पुसून घालवला."

जुना ट्रान्सफॉर्मर परत बसवावा तर त्याच्या तारांचा कोळसा झालेला. मग वहिनीने जे जन्मात केलं नव्हतं ते केलं. चांगलं चाललेलं यंत्र बिघडवायला बसली. नव्या ट्रान्सफॉर्मरला दम लागावा म्हणून त्याच्या वाटेत रेझिस्टन्स घातले. एक घालायची, वर जाऊन ऐकायची, खाली येऊन दुसरा घालायची. मी खाली कळ दाबायला.

"बदकाला सर्दी झालीय," नळीतून आवाज यायचा. "कमी करायला हवं."

"आता?"

"आता अगदी पाद्री बोलल्यासारखं. अजून बिघडवायला हवं."

"वहिनी, कारखान्यातल्या लोकांनी तुला असं करताना बघितलं तर पेन्शन बंद करतील."

"तू दाब मुकाट्याने."

मजा येत होती, खोटं कशाला बोलू? एप्रिलही असाच गेला. आता जमतंय, अजून थोडंच, असं वाटायचं आणि हुलकावणी मिळायची. संध्याकाळी कोट चढवताना मला दोन्ही वाटायचं: आज जमायला हवं होतं, आणि बरं झालं, उद्या परत यायला मिळेल.

एका दुपारी तिने नवा कंडेन्सरही एक काढून टाकला आणि वर गेली. मी कळ दाबली. वरून काहीच आलं नाही. ना बदक, ना पाद्री. मी पुन्हा दाबली.

"आला," वहिनी म्हणाली. एवढंच.

मला कसला आनंद झाला. त्याच भरात मी लायलसारखा हात चालवायला लागलो. मोर्सवर ज्याचा त्याचा हात असतो, अक्षर असतं तसा. लायल शेवटची रेघ ओढायचा, आणि वहिनीच्या नावाआधी किंचित थांबायचा, दारात बूट काढायला थांबावं तसा. त्याच्या शेजारी बसून मी ते इतकी वर्षं ऐकलेलं. मी तिला हाक मारली, त्याच्या हाताने.

"व्हर्न, ते नको."

"हुबेहूब केलं मी."

"म्हणूनच नको."

मी कळीवरून हात काढला. कान तापले माझे. "मग काय पाठवू?"

"काही नको. नुसती दाब आणि सोड. अक्षर नको."

तिचं बरोबर होतं. एका दाबात कुणाचाच हात ओळखू येत नाही. माणूस त्यात नसतोच, यंत्र तेवढं असतं. आणि यंत्र लायलचं होतं. मी दाबली. बल्ब उजळला, नळीतून सूर आला, वर सुरू होऊन घसरत खाली. सोडली. थोडं थांबून पुन्हा दाबली. मलाही तो ऐकू यायला लागला होता, आणि माझा भाऊ मला किती हवा होता हे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं.

मग नळीवर टकटक ऐकू आली. वहिनी चमच्याने वाजवत होती. टिंबाला ठोका, रेघेला चमचा घासून. हात सोळा वर्षांच्या मुलीचा, घाईचा.

छान ऐकू येतंय, ती म्हणत होती. इथे ओपल. कुठून बोलतोस?

हे आम्ही सगळेच विचारतो. नाव कळायच्या आधी विचारतो. आयुष्यात किती जणांना मी विचारलं असेल, आणि उत्तर ऐकून विसरून गेलो असेन.

शेवटी तिने एकच अक्षर वाजवलं. माझं झालं, आता तू बोल, असा त्याचा अर्थ. आणि ती वाट बघत राहिली.

मी कळ दाबली. सूर घसरत खाली आला आणि तिथे थांबला. वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला, ती रिसीव्हरच्या आणखी जवळ बसली असावी. मी बोट उचललं नाही.