गुऱ्हाळ नावाची खोली

बाळासो मुळात वाईट माणूस नव्हता, त्याला फक्त हॉटेल चढलं होतं. कोल्हापूरच्या स्टँडजवळच्या लॉजवर तो मॅनेजर होता तेव्हा खोलीत लोखंडी खाट, खुर्ची, खुंटी आणि बादली असायची. गिऱ्हाईक कुरकुरलं, तर तो निमूटपणे बादली बदलून द्यायचा. पुढे मालक वारले, त्यांचा मुलगा पृथ्वीराज गल्ल्यावर बसला आणि त्याने पुण्याहून एक डिझायनरबाई आणल्या. बाईंनी बघता बघता लॉजचं हॉटेल केलं. एकही खोली दुसरीसारखी ठेवली नाही, प्रत्येकीला कोल्हापुरी नाव दिलं आणि खुर्च्या तेवढ्या सगळ्या काढून टाकल्या.

बाळासोने बाईंचे शब्द असे काही उचलले, की त्या पुण्याला परत गेल्याचं कुणाला जाणवलंच नाही. खोलीत पेपर वाचायला दिसत नाही, अशी तक्रार आली की तो म्हणे, हा मूड आहे. न्हाणीघराला काचेची भिंत का, असं एखाद्या बाईने चिडून विचारलं तर तो तिला मोकळेपणाचं महत्त्व समजावून सांगे. खाली हॉलमधल्या सोफ्यात रुतलेल्या एका म्हाताऱ्याला दोघांनी धरून उपसून काढलं, तेव्हाही त्याने सोफ्याचीच बाजू घेतली. पाहुण्याला आराम मिळाला नाही तर दोष पाहुण्याचा, असं त्याचं ठाम मत झालं होतं.

हीच नजर घेऊन तो रोज घरी जाई. मंगळवार पेठेत त्याच्या दोन खोल्या होत्या, वर पत्रा. कपाटावरच्या ट्रंका, भिंतीवरची बँकेची कॅलेंडरं, सगळंच त्याला खुपायला लागलं. लेकीचं, अक्षताचं लग्न शिरोळच्या बागायतदारांच्या घरात ठरलं, तेव्हा त्याने मनाशी पक्कं केलं की काही झालं तरी ही माणसं आपलं घर बघणार नाहीत. घर बघितलं की लेकीची किंमत उतरणार आणि तिला सासरी जन्मभर टोमणे खावे लागणार, या धास्तीने त्याची झोप उडाली होती. मुलगी दाखवायचा कार्यक्रमसुद्धा त्याने हॉटेलातच उरकला. घरी रंगकाम चाललंय, अशी थाप मारली.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी वऱ्हाड आलं. पृथ्वीराजने खोल्या मोकळ्या करून दिल्या होत्या आणि वाटणी बाळासोने स्वतः केली. आता आहेराची टोपी एकाची कडक आणि एकाची मऊ निघाली तरी आपल्याकडे मांडवात आग लागते, हे काय त्याला माहीत नव्हतं? पण चढलेल्या माणसाला कोण सांगणार! त्याने नवऱ्या मुलाच्या चुलत्यांना मखमली पलंगाचा ‘राजवाडा’ दिला आणि मामांना, सयाजीरावांना, आपली सगळ्यात लाडकी खोली दिली. तिचं नाव ‘गुऱ्हाळ’. भिंतीभर ऊस रंगवलेला, बसायला लाकडाचा ओंडका, आणि बेसिनच्या जागी गुळाची छोटी काहील.

सयाजीराव पाच मिनिटांत पिशवी घेऊन खाली आले.

“जल्म उसात गेला माजा,” ते म्हणाले. “लग्नाच्या निमतानं जरा भाईर पडलो, तर तुमी आमाला परत उसातच घातलासा. तोंडबी काहिलीत धुवायचं? आन त्यास्नी राजवाडा?”

प्रत्येक खोलीची स्वतःची गोष्ट असते, असं बाळासो सांगायला लागला. आमची गोष्ट आम्हाला पाठ आहे, असं मामांनी त्याला तिथंच तोडलं. मग बाळासोने घाईघाईने त्यांना राजवाडा देऊ केला, तर ते कानावर जाताच चुलते आपली बॅग भरायला लागले. मामा रुसला तर मुलगा बोहल्यावर चढायचा नाही, आणि चुलता रुसला तर वरात निघायची नाही.

“खोल्यांचं ऱ्हाऊ द्या, पावणं,” मामा म्हणाले. “आमाला तुमच्या घरला न्या. सोयरीक झाली, पर घर कुटं बघितलंय अजून?”

बाळासोने रंगकामाचं नाव काढून बघितलं. मामा म्हणाले, रंगात बसू. आता नाही म्हणणं म्हणजे लेकीच्या लग्नावर पाणी सोडणं होतं. त्याने रिक्षा बोलावली.

मामांनी दारात चपला काढल्या, शर्ट खुंटीला लावला आणि खाटेवर अंग टाकून पंखा लावायला सांगितलं. पंखा एका बटणात लागला. “झ्याक,” म्हणून ते घोरायलाच लागले. तासाभरात चुलतेही आले, कारण राजवाड्यात पंख्याचं बटण कुठं आहे ते त्यांना सापडलं नव्हतं. मग बाकीचं वऱ्हाड आलं. शेजारच्यांनी गल्लीत खाटा टाकल्या, चहा झाला, पानाचं तबक फिरलं, आणि रुसव्याचं कुणाला आठवेनासं झालं.

बाळासो मात्र स्वतःच्याच दारात चोरासारखा उभा होता. हिरवा चुडा भरलेली अक्षता त्याच्याजवळ आली.

“रंगकामाचं खोटं सांगितलासा व्हय?” तिने हळूच विचारलं.

त्याने मान खाली घातली.

“मला ह्या घरात कदी काय कमी पडलं न्हाय, पप्पा. तुमालाच कसं पडलं?”

आतून मामांनी पाणी मागितलं तेव्हा तांब्या उचलून तो आत गेला, पण लेकीच्या तोंडाकडे बघायचं धाडस त्याला झालं नाही.