डाव्या मांडीवरची ढोलकी

आमच्या कापडाच्या धंद्यात मरणाची बातमी गिऱ्हाईक होऊन येते. लग्नाचं गिऱ्हाईक घोळक्यानं येतं, चहा पितं, अर्धा दिवस गादीवर ठाण मांडून घासाघीस करतं. मर्तिकाचं गिऱ्हाईक एकटं येतं, चपला न काढता उंबऱ्यात उभं राहतं आणि भाव विचारत नाही. ओतूरच्या पेठेत इतकी वर्षं बसल्यावर मला ते माणसाच्या उभं राहण्यावरूनच कळतं. त्या दिवशी सकाळी दुकान उघडून उदबत्ती लावत होतो, तर उंबऱ्यात गेनभाऊचा थोरला मुलगा, संतोष. "काका, मांजरपाट द्या," एवढंच म्हणाला. मी तागा खाली ओढला, पट्टी हातात घेतली आणि मोजायला लागलो. या कामात हात सवयीनं पुढं जातात हो, डोकं मागून येतं. बरंचसं कापड मोजून झाल्यावर मी विचारलं, "कोण गेलं रे?" तो नुसता माझ्याकडं बघत राहिला... आणि मग माझा हात थांबला. गेनूचंच कापड मी मोजत होतो. पुढं ते कुणी फाडलं, कुणी घडी घातली, मला आठवत नाही. झोपेत गेला, सोन्यासारखं मरण आलं, असं भेटेल तो सांगत होता, आणि मला त्या प्रत्येकाचा राग येत होता.

गेनभाऊ माझा शाळेतला मित्र. तो शेतकऱ्याचा, मी मारवाड्याचा. त्याचं गाव ओतूरपासून थोडं आत, मांडवी नदीच्या अंगाला. शाळेला तो तिकडून चालत यायचा आणि वर्गात माझ्या डाव्या हाताला बसायचा. अभ्यासात आम्ही दोघंही दिवेच लावायचो, पण त्याला वरून एक खोड होती. बोटं गप्प ठेवता यायची नाहीत. मास्तर फळ्याकडं वळले की याची बोटं बाकावर सुरू. आदल्या रात्री कुठल्या तरी यात्रेत ऐकलेली ढोलकी तो दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या तासाला जशीच्या तशी वाजवायचा. मास्तरांचे कान तिखट. छड्या खाऊन खाऊन तळहात लाल झाले, तेव्हा या पठ्ठ्यानं तोड काढली. बाकावर वाजवलं की आवाज होतो ना? मग त्यानं बाकाखालून हात घातला आणि माझ्या डाव्या मांडीवर वाजवायला सुरुवात केली. मांडीला कुठला आवाज! मास्तर शिकवत राहायचे, हा वाजवत राहायचा आणि मी तोंड मिटून बसायचो. मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. "कांती, आता बघ, आता येतीय... ही आली!" असं तो कानात म्हणायचा आणि नेमका त्याच वेळी मांडीवर तळहात पडायचा. काय येतीय आणि कुठून येतीय, देव जाणे. मला फक्त मांडी चुरचुरल्याचं कळायचं.

पुढं तो शेतीत गेला, मी गादीवर बसलो, पण उन्हाळा आला की आमची जोडी परत जमायची, ती हजेरीसाठी. आमच्या जुन्नर-आंबेगावकडं चैत्र लागला की गावोगावच्या यात्रा सुरू होतात. पालखी, शेरणीचा गूळ, बैलगाड्यांची शर्यत, आणि रात्री कनात ठोकून तमाशा. आता रात्रीचा तमाशा आमच्या घरात निषिद्ध. आई हयात असताना तर तो शब्दसुद्धा घरात काढायची सोय नव्हती. पण दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली की तोच फड तोंडाचा रंग धुऊन, साध्या लुगड्यांत, देवळासमोर येऊन बसतो आणि देवापुढं गातो. ती हजेरी. तिला घुंगरांचा झगमगाट नसतो, शिट्ट्या नसतात. रात्री जागून घसा बसलेल्या बाया आणि डोळे तांबारलेले वाजवणारे असतात, समोर सतरंजीवर गावातली म्हातारीकोतारी आणि कडेवर लेकरं घेतलेल्या बाया. "देवाच्या दारातलं हाये, चल," असं म्हणून गेनूनं मला पहिल्यांदा नेलं, आणि देवाचं नाव निघाल्यावर आईनंही जाऊ दिलं.

गेनू गावच्या यात्रा कमिटीत होता. पाडव्याच्या आसपास नारायणगावात तमाशाच्या राहुट्या पडल्या की फड ठरवायला पंचमंडळी जायची, आणि हा मला उगीचच सोबत ओढायचा. कनातीत काय होणार, वग कुठला, नाचायला कोण, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसायचं. फड दर वर्षी तोच ठरायचा, आणि त्याच्या मालकिणीला हा एकच सांगायचा, "बाई, रातच्याला काय बी करा. पर सकाळची हजेरी पुरी व्हायला पायजे. आर्ध्यात गाडी भरून पळायचं न्हाई." मालकीणबाई हसायच्या. पोरवयापासून फडात गाणारी बाई ती, पुढं फडाची मालकीण झाली. आम्हाला दोघांना ओळखायची. हजेरीच्या वेळी आम्ही दिसलो नाही तर ढोलकीवाल्याला थांबवायची, असं गेनू सांगायचा. खरंखोटं तोच जाणे.

हजेरीत आम्ही बसायचो ते पाराच्या खालच्या अंगाला, पिंपळाच्या सावलीत. तो डाव्या हाताला, मी उजव्या. ढोलकी सुरू झाली की त्याचा हात आपसूक माझ्या मांडीवर. नातवंडं झालेली माणसं आम्ही, आणि हा भर सभेत माझी मांडी बडवतोय! मी एकदा चिडून म्हटलं, "अरे, स्वतःची मांडी आहे ना तुला?" तर म्हणतो, "माजीला कळतंय, तुजीला कळत न्हाई. शिकवायचं कुनाला आसतं?" मला शिकायचंच नव्हतं, हे त्याला कोण सांगणार. खरं सांगायचं तर मी जायचो ते त्याच्यासाठी. बाई गवळण म्हणायला लागल्या की माझ्या डोक्यात लग्नसराईचा माल, सुरतेहून न आलेले गठ्ठे, दुकानात एकटा बसलेला गडी असं काहीबाही फिरत राहायचं. गेनू मात्र पाझरायचा. बापाच्या मातीलाही ज्याच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही असा तो माणूस, पण गवळणीतली राधा पाण्याला निघाली की याचे डोळे भरलेच. मी बघतोय असं दिसलं की धोतराच्या सोग्यानं पुसून म्हणायचा, "धुरळा लई उडतोय राव."

मग त्याचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू. आधी मोबाईल उचलेना, मग हाक ऐकू येईना, मग बोलणाऱ्याच्या तोंडाकडं टक लावून बघायला लागला. संतोषनं मंचरला नेऊन कानाचं मशीन आणलं. ते घालून पहिल्याच यात्रेत आला, तर कर्ण्याच्या आवाजानं मशीन असं किंचाळलं की त्यानं ते उपटून बंडीच्या खिशात टाकलं. "ह्याच्यात समदं ऐकू येतं, ढोलकी सोडून. आन् बायकूचं बोलनं तर लईच साफ!" सगळे हसले. मी नाही हसलो. मला वाटलं, संपलं. हजेरी ज्याचा जीव की प्राण, त्यानं आता तिथं जाऊन नुसती तोंडं हललेली बघायची? त्या दिवशी बाईंनी पहिली गवळण धरली, आणि हा पिंपळाखाली दगडासारखा बसून राहिला. माझ्यानं ते बघवेना. मी त्याचा हात बाजूला केला, त्याच्या मांडीवर माझा हात ठेवला आणि ढोलकी ऐकून ऐकून वाजवायला लागलो. त्यानं दचकून माझ्याकडं पाहिलं, जरा वेळ डोळे मिटले, आणि मग खो-खो हसत सुटला. "शेट, ढोलकी वाजवतोयस का कापाड मोजतोयस?"

तेव्हापासून तेच सुरू झालं. उन्हाळे आले-गेले, मी त्याचे कान झालो. आणि ते काम काय सोपं आहे? त्याच्यासाठी वाजवायचं म्हणजे मला नीट ऐकावं लागायचं. सुरतेचे गठ्ठे आठवले की हात चुकायचा आणि तो लगेच मान हलवायचा, "आँहं! हुकलं." मी कपाळाला आठ्या घालून पुन्हा धरायचो. बहिऱ्या माणसाला माझी चूक कळते कशी, हे मला कधी सुचलंही नाही. मी माझ्याच घामात.

गेल्या वर्षीची हजेरी... ती सांगायला मी हे लिहायला बसलो आहे. गावातली सगळी तरणी माणसं बैलगाड्यांच्या शर्यतीला. तिकडून कर्ण्यावरचा आरडाओरडा वाऱ्यावर येत होता. पुढच्या वर्षी तमाशाच नको, ऑर्केस्ट्रा आणू, असंही कमिटीत चाललेलं. देवळासमोर आम्ही मोजकी माणसं. बाई थकल्या होत्या, गुडघ्यांनी खाली बसता येईना म्हणून खुर्ची दिलेली. माईक बिघडला, तर त्या म्हणाल्या, राहू द्या, देवाला ऐकू येतं. आणि त्यांनी विनामाईक गवळण धरली. राधा रोजच्यासारखी घागर घेऊन घाटावर येते. रोज तिथं तिची वाट अडवणारा असतो, आणि ती रोज त्याच्यावर चिडते. आज घाटावर कुणी नाही. आज घागर सुखानं भरते, आणि ती तिला उचलवत नाही. बस, एवढंच. बाईंचा आवाज फाटत होता, वरची जागा घेताना तो सुटला, आणि त्यांनी तो सावरला नाही, तसाच सुटू दिला. मागं ढोलकी अगदी हलक्या हातानं चाललेली. काय झालं मला सांगता येणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डोक्यात दुकान नव्हतं. घाट तेवढा होता, आणि ती भरलेली घागर. मी रडतोय हेही मला कळलं नाही. गेनूच्या मांडीवरचा माझा हात कधी थांबला, तेही कळलं नाही.

भानावर आलो तो मांडीवर थाप पडल्यामुळं. त्यानं माझा हात उचलून आपल्या मांडीवरून खाली ठेवला होता आणि तो माझ्या डाव्या मांडीवर वाजवत होता. अगदी बरोबर! ढोलकीची थाप आणि त्याची थाप, दोन्हींत केसाचंही अंतर नाही. मी चकित होऊन त्याच्याकडं बघितलं. त्याची नजर माझ्याकडं नव्हती, ढोलकीवाल्याच्या खांद्यावर होती. खांदा हलेल तसा याचा हात पडत होता. गवळण संपल्यावर मी त्याच्या कानाशी ओरडलो, "तुला दिसत होतं? मग इतकी वर्षं मला कशाला रे वाजवायला लावलंस?" तो शांतपणे म्हणाला, "म्या कुटं लावलं? तूच सुरू केलंस. म्हनलं, बरं झालं, ह्या निमतानं तरी शेट ऐकंल. न्हाईतर तुजं समदं ध्यान गल्ल्यावर." मग माझ्या तोंडाकडं बघून सोगा पुढं केला. "पूस. धुरळा लई उडतोय."

बस्स, त्यानंतर आम्ही एकत्र हजेरीला बसलो नाही. यंदाची यात्रा तोंडावर आली आणि तो गेला. घरी मला काही कमी नाही. सून ताट वाढते, नातवंडं टीव्ही लावतात, बायको दिवस मावळायच्या आत जेवून घ्या म्हणून मागं लागते. सगळे आपापल्या परीनं माझ्याशी बोलतात. पण "हुकलं" म्हणणारं कुणी नाही. संध्याकाळी दुकानात गादीवर बसलो की डाव्या हाताला जागा सोडून बसतो, आणि गड्याला वाटतं शेठला तिथं ऊन लागतंय. एकटं वाटतं हो. या वयात हे कुणाला सांगायला गेलं तर माणसं देवधर्माचं सांगतात.

ऑर्केस्ट्राचं बोलणं मागं पडून यंदाही बाईंचाच फड आला होता. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान गड्यावर टाकून मी एकटाच गेलो. वाटेत गेनूच्या घरी थांबलो. संतोष म्हणाला, "काका, आमच्यात दुःख हाये, आमी कुनी येत न्हाई. तुमी जावा. आबा असते तर तुमाला घरी बसू दिलं नसतं." पिंपळाखाली नेहमीच्या ठिकाणी सतरंजीवर बसलो. कुणीतरी ओळखीचा आला, "शेठ, सरका जरा," म्हणाला. माझ्या तोंडून निघून गेलं, "इथं माणूस येणार आहे." त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि तो पलीकडं जाऊन बसला. बाई खुर्चीत बसल्या. त्यांची नजर माझ्यावर आली, मग माझ्या डाव्या बाजूला गेली, आणि तिथंच थोडी थांबली. मग त्यांनी ढोलकीवाल्याला खूण केली. ढोलकी सुरू झाली.

सगळ्यांना ती ऐकू येत होती. मलाही येत होती, पण मी मांडीवर थाप पडायची वाट बघत होतो आणि त्या वाट बघण्यात अर्धी गवळण निघून गेली. मग माझा हात आपोआप डावीकडं गेला, त्या रिकाम्या सतरंजीवर, आणि मी वाजवायला लागलो. ढोलकीवाल्याच्या खांद्याकडं बघायचं, हे मला आता ठाऊक होतं, पण डोळ्यांत पाणी आलं की खांदा कुठं दिसतो? मी चुकत होतो. पहिल्या दिवशी चुकलो होतो तसाच, कापड मोजल्यासारखा. थांबलो, पुन्हा धरलं, पुन्हा चुकलो. गवळण संपेपर्यंत मी तसाच चुकत राहिलो, आणि एकदाही कुणी मान हलवली नाही.