वामनरावांचे सात दिवस

अजनीच्या रेल्वे क्वार्टरांत आमच्या शेजारी वामनराव राहत. पार्सल ऑफिसात कारकून, आणि परसात टमाट्यांच्या दोन रांगा. फवारणीच्या दिवशी हा माणूस ओळखू येत नसे. पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, नाकातोंडावर पंचा, डोळ्यांवर गॉगल. मूठभर माती उडवून वारा कुठला ते बघायचे आणि वाऱ्याकडे पाठ करून पंप मारायचे. मग साबण लावून आंघोळ. औषधाचा डबा कुलपात, किल्ली करगोट्याला. डब्यावर लिहिलेले, फळ न तोडण्याचे सात दिवस सरेपर्यंत फवारलेल्या रांगेला सुतळीचं कुंपण, आणि कॅलेंडरवर रोज एक फुली.

आम्ही पोरी तर हसून हसून लोळायचो. माझे वडील, गणपतराव, कुंपणावरून विचारायचे, "काहून गा वामनराव, टमाट्याचं सुतक पाळून राहिले का?"

वामनराव फक्त मान हलवायचे. त्यांना एकच हौस होती, धंतोलीच्या भाजीपाला प्रदर्शनातला कप. तीन वर्षं दुसरा नंबर आला होता. चौऱ्याहत्तर साली पुढची रांग त्यांनी कपासाठी महिनाभर औषधाविना सांभाळली. मागच्या रांगेवर अळी पडली, म्हणून प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी तेवढीच फवारली.

प्रदर्शनात त्यांचं ताट असं काही चमकत होतं की शेजारी आमचं ताट मांडून बसलेल्या माझ्या वडिलांचा चेहरा पडला. परीक्षक साहेब थेट तिथेच आले. "यंदा चवही बघणार," म्हणाले आणि चाकू काढला.

वामनरावांनी ताटाकडे नीट पाहिलं. मग बायकोकडे, सुभद्राकाकूंकडे. "हे कोणत्या रांगेतले वं?"

"मागच्या," काकू म्हणाल्या. "पुढच्यांले भोकं होते. पाहाचेच टमाटे, म्हणून चांगले दिसले ते भरले."

फोड साहेबांच्या ओठाशी पोचली होती. वामनरावांनी झेप घेऊन त्यांचं मनगट धरलं. "साहेब, नका खाऊ. परवाच औषध मारलं हाये."

साहेबांनी फोड खाली ठेवली, हात धुवून आले आणि बाकीच्यांकडे वळले. "आणखी कोणी मारलं आहे?"

आधी एक ताट टेबलावरून उचललं गेलं. मग दुसरं. मग जी पळापळ सुरू झाली! कोणी पदराखाली, कोणी टोपीत, कोणी चक्क पिशवी उलटी करून. माझ्या वडिलांनी आमचं ताट खुर्चीखाली सरकवलं. टेबलावर उरले कधीच औषध न मारणाऱ्या तुळसाबाईंचे पाच वाकडे टमाटे, त्यातल्या एकात अळी, तीही जिवंत. कप त्यांना मिळाला, आणि सगळ्यांत मोठ्यांदा टाळ्या वामनरावांनी वाजवल्या. डोळे मात्र भरले होते. कप त्यांना खरंच हवा होता.

घरी आल्यावर वडील आईला म्हणाले, "हे टमाटे भाजीत टाकू नको वं. कालच औषध मारलं."

आईने विळी बाजूला सारली. "आन् आजवर टाकले ते?"

वडील औषधाचा डबा घेऊन शेजारच्या दाराशी गेले. आम्ही पोरी मागोमाग, कारण अशी मजा सोडते कोण.

वामनरावांनी दार उघडलं, आधी डबा पाहिला, मग वडिलांचं तोंड. हसले नाहीत.

"या गणपतराव," म्हणाले, "पयले हात धुवा."