पोट माझं, निदान मेहुण्याला

अकोल्याच्या डॉक्टरांनी माझ्या उजव्या बरगडीखाली दाबून पाहिलं, तोंड पाडलं आणि म्हणाले, "शर्ट घाला." मग माझ्या मेहुण्याला, रामभाऊला, बाहेर नेऊन दार लोटून घेतलं. पोट माझं, गाठ माझी, दुखणं माझं. निदान मात्र मेहुण्याला! मी आत गुंड्या लावतोय आणि बाहेर माझा कॅन्सर ठरतोय.

"काई नाई भाऊजी, गॅस हाय," रामभाऊ माझ्या चपलांकडे पाहत म्हणाला.

तुमच्यापैकी कुणाला लिव्हरची, म्हणजे यकृताची गाठ निघाली, तर पहिली खूण लक्षात ठेवा. लोक एकाएकी गोड बोलू लागतात. मी आसेगावचा, भाजीपाला पिकवून बाजारात विकणारा. मी हाक मारली तर मंगरुळपीरचे बैल माना वळवतात. पण आता घरात मला कुणी ओरडू देईना. जो येई तो विचारी, "काय खावं वाटते?" इतका शिरा चारला की कढईला भोक पडलं. माझ्याशी उभा दावा असलेला शेजारी आपणहून हातभर बांध सोडून गेला! तेव्हा डोक्यात उजेड पडला. हे लोक माझी तेरवी मलाच आगाऊ जेवू घालत होते.

त्यातच बहीण मानोऱ्याहून आली ती गळ्यात पडली. "दादा, तुह्या डोयादेखत शालूचं लगन होऊ दे!"

शालू माझी लेक. तिचा अकोल्याला नर्सिंगला नंबर लागला होता. आणि रामभाऊने तिच्यासाठी इंझोरीचा बिजवर पाहून ठेवला होता, कारण बाप गेला की वर्षभर लग्न नाही. माझं मरण धरून माझ्या लेकीचं लग्न, आणि मलाच पत्ता नाही!

"मले काहून नाई सांगतलं?" मी असा गरजलो की कौलं सरकली.

"तुमाले धक्का बसला असता," रामभाऊ म्हणाला.

"मंग आता काय गुदगुल्या झाल्या?"

अकोल्यात सुई घालून गाठीचा तुकडा काढायचं ठरलं होतं. शालू आडवी आली. "बाबा, आधी नागपूरले दाखवू."

नागपूरचे डॉक्टर रामभाऊला ओलांडून माझ्याशी बोलले. "गाठ कॅन्सरची असेल, नसेलही. सुईआधी रंग घालून पाहू."

या तपासणीला हेपॅटिक अँजिओग्राफी म्हणतात. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी लिव्हरच्या धमनीपर्यंत सरकवतात, तिच्यातून डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध सोडतात आणि लागोपाठ फोटो काढतात. नळीची जागा बधिर करतात, फार दुखत नाही. डाय सुटला की मात्र पोटात वैशाख उतरतो. घाबरू नका, घडीभरात ओसरतो. मला तर वाटलं, माझी कलेजी फोडणीला टाकली. वर ते मशीन खटाखट खटाखट! नंतर पाय न हलवता पडून राहायचं असतं. त्या वेळात मी रामभाऊला मनातल्या मनात भरपूर लाथा घातल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरले आणि मला जवळ बोलावलं. "कॅन्सरच्या गाठीत बहुधा वेड्यावाकड्या वाहिन्या दिसतात, रंग लवकर येतो, लवकर जातो. तुमच्या गाठीत बघा. बाकीच्या लिव्हरमधला रंग गेला तरी इथे साचून आहे."

पाट बंद केल्यावर खोलगट वाफ्यात पाणी थांबतं, तसंच होतं ते.

"याला हिमँजिओमा म्हणतात. रक्तवाहिन्यांचं गाठोडं. कॅन्सर नाही. पण सुई घातली असती तर रक्त थांबवणं कठीण झालं असतं."

मी तो फोटो मागून घेतला.

घरी आलो तर अंगणात इंझोरीचे पाहुणे, सुपारी फोडायला! मी फोटो उन्हात धरला. "पाहून घ्या. मी मरत नाई."

रामभाऊचा चेहरा वांग्यासारखा झाला. "पण भाऊजी, पाहुण्यायले शबूद देला ना."

"माह्या मरणावर देलता. मरण वापस गेलं, शबूद बी वापस!"

गाठ अजून पोटात आहे. काही करत नाही, बसली आहे. रागही तिच्याशेजारीच बसला आहे. नागपूरच्या त्या डॉक्टरांचे उपकार मात्र मानतो. रंगाचे तर मानतोच, त्याहून जास्त मला जवळ बोलावल्याचे.

शालूला अकोल्याच्या मोटारीत बसवताना खिडकीतून सांगितलं, "बाई, लाख औषधं शिक. पण ज्याचं पोट, त्याले पयले सांगजो."