पूर्वा बोलली, मग भाऊही बोलला

गेल्या महिन्यातला रविवार. जळगावला माझ्या घरच्या पार्लरमध्ये भाची पूर्वाच्या डोक्याला तेल लावत होते. ती अकरावीला, इथेच हॉस्टेलला असते. भाऊ-वहिनी अमळनेरजवळ गावी, शेती बघतात.

एरवी बडबडणारी पोरगी त्या दिवशी गप्प... मग खाली मान घालूनच म्हणाली, "आत्या, मी बिअर प्यायलेय. गांजापण ओढलाय. एकदाच नाही."

माझा हात तिच्या केसांतच थांबला. कानाखाली द्यावीशी वाटली, खोटं कशाला सांगू? पण आरशात तिचा चेहरा दिसला आणि एवढंच विचारलं, "बरं वाटत नाहीये का गं तुला?"

मग सगळं बाहेर आलं. पहिल्या टेस्टला मार्क कमी पडल्यापासून कशातच मन लागत नव्हतं, झोप येत नव्हती. ग्रुपमध्ये ओढलं की दोन तास हलकं वाटायचं, पुढचे दोन दिवस आणखी उदास... म्हणून पुन्हा.

दुसऱ्याच दिवशी तिला ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. हे सुटेल, पण नशेबरोबर उदासीवरही उपचार लागतील, आणि घरी सांगावं लागेल, असं त्या म्हणाल्या.

इथे मीच अडले. आमचा भाऊ महातापट... बाबा शिक्षण बंद करतील, हीच पूर्वाला भीती.

शेवटी रात्री मीच फोन केला. भाऊ सकाळी पहिल्या एसटीने आला. सगळं ऐकून ओरडला नाही, पूर्वाशेजारी येऊन बसला. मग हळूच सांगायला लागला, की बारावीत नापास झाल्यावर तोही वर्षभर मळ्यात लपून प्यायचा. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं!

"माले कोणी इचारं नही व्हतं," तो म्हणाला. आणि पूर्वाकडे वळून, "तुले मी इचारसू. रोज."

बापलेक दोघं रडले. मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत पळाले...

उपचार सुरू आहेत. मध्ये एकदा पूर्वा घसरली, पण त्याच संध्याकाळी तिने स्वतःच मला फोन करून सांगितलं.

आणि काल तिची तक्रार आली. बाबा रोज अर्धा-अर्धा तास फोनवर... कपाशीला बोंडं किती, म्हशीने दूध किती दिलं, सगळं ऐकवतात. त्यांना आवर म्हणे! सांगताना हसत होती.

मी काही आवरणार नाही. हे तिला विचारून, नाव बदलून लिहितेय... पोरी, तू धीर करून बोललीस, म्हणून तीस वर्षं गप्प असलेला माझा भाऊ मला कळला. थँक यू.